टबातली बेलामिया

रिसाली, भिलाई
रविवार, दुपार

प्रिय रीना,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नको. आम्ही दोघंही ठीक आहोत. आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझी साखरही होती तिथंच आहे. फोन असताना बाबांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला ठाऊकच आहे. तू विचारतेस जेवलात का, मी म्हणतो हो. तू विचारतेस गोळी घेतली का, मी म्हणतो हो. तेवढ्यात आई माझ्या हातून फोन ओढून घेते. ज्या गोष्टीला थोडा दम लागतो ती तिथं सांगताच येत नाही. म्हणून आज जेवण झाल्यावर बसलो आहे. आई शेजारी तांदूळ निवडत बसली आहे आणि दर थोड्या वेळाने विचारते, "काय लिहिलं आतापर्यंत?" मी बोलतो तसा लिहीत नाही, हे तू समजून घे. तिरोड्याच्या शाळेत 'मले-तुले' लिहिलं की गुरुजी वहीवर लाल रेघ मारत, ती सवय म्हातारपणीही सुटत नाही.

तुझा लेख छापून आलेला अंक मिळाला. इंग्रजी लेख सगळा काही मला लागला नाही, पण 'बेलामिया' हा शब्द जिथं जिथं आला तिथं तिथं ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. शेवटी आभाराच्या ओळीत आमची दोघांची नावं आहेत. धोंडबा रामटेके आणि कांता रामटेके, भिलाई. मी ती ओळ आईला वाचून दाखवली. तिने अंक हातात घेतला, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मी काय केलं होतं? पालकच तर उकडला." मग उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. भांडी घासल्याचा आवाज मात्र येत होता. घासायला तेव्हा भांडी नव्हती, सकाळीच झाली होती.

त्या अंकामुळे मागचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. आमचा पियूष गेला त्या पावसाळ्यात घराघरांत डेंग्यू होता. तुमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हथखोजच्या कारखान्यातून तो अंगदुखी घेऊन आला तेव्हा तूच त्याचं डोकं चेपत बसली होतीस, आणि आठवड्याच्या आत आपण त्याच्याशिवाय दवाखान्यातून परत आलो. त्यानंतर आईने घरात पाणी साठू दिलं नाही, हे तू पाहिलंच आहेस. कूलर तिने भंगारवाल्याला देऊन टाकला. बादली रिकामी झाली की उपडी. तुळशीच्या कुंडीखालची थाळीसुद्धा काढून टाकली. मी प्लांटमध्ये इतकी वर्षं क्रेन चालवली, वितळलेलं लोखंड डोळ्यांसमोरून गेलेलं पाहिलं, पण त्या दिवसांत वाटीभर साचलेलं पाणी दिसलं तरी मीही हातातलं काम टाकून ते ओतायला धावायचो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तुझे केवलराम मामा, म्हणजे आईचे भाऊ, मला बाजूला घेऊन बोलले होते. माणूस वाईट नाही. म्हणाले, "भाऊजी, पोरीचं वय काय आहे? तुमसरले तिच्या भावाकडं पाठवून द्या. इथं ठेवून काय करून राहिले तुमी?" तू दारात उभी होतीस आणि तुला ऐकू गेलं होतं. तू म्हणालीस, "जा म्हणाल तर जाईन, मामा. पण मले शिकायचं आहे." आईने तुझं ताट वाढलं आणि नेहमीच्या जागी, स्वतःच्या शेजारी ठेवलं. मामांनी ते ताट पाहिलं आणि विषय तिथंच संपला. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

मग तुझी पीएच.डी. सुरू झाली आणि तुझ्या मॅडमनी तुला तळ्यातल्या गोगलगाई दिल्या. आईला हे ऐकून धक्काच बसला. एवढं एम.एस्सी. करून पोरगी घोंघ्या वेचणार, असं ती शेजारच्या सिंधुताईंना सांगून आली. तू आम्हाला जेवताना समजावलंस. बेलामिया हे एका कुळाचं नाव आहे, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचं. जसं आपलं आडनाव रामटेके आणि आत माणसं वेगवेगळी, तशा त्यात जाती वेगवेगळ्या. मी विचारलं, त्यांच्यात एवढं अभ्यासण्यासारखं काय आहे? तू म्हणालीस, "बाबा, तेच तर पाहायचं आहे." पियूष गेल्यानंतर पहिल्यांदाच तुझ्या आवाजात जरा जीव आला होता. तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मी मोपेडची हवा भरून घेतली.

रसमड्याच्या पलीकडच्या गावचं ते पहिलं तळं तुला आठवतं का? घाटावर बाया कपडे धूत होत्या. तू सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलीस आणि पायरीच्या खालच्या बाजूला हाताने चाचपू लागलीस. मी काठावर डबा धरून उभा, सुनेकडे बघावं की आभाळाकडे बघावं ते न कळून. एक म्हातारी भाजीसाठी घोंघी वेचत होती. तिला वाटलं तूही खायलाच नेतेस, म्हणून विचारलं, "खाय बर ले जाथस का नोनी?" तू सांगितलंस, "नहीं दाई, पढ़े बर." ती इतकी हसली की बाकीच्या बायाही हसू लागल्या. मग तिनेच आपल्या टोपलीतली ओंजळभर तुझ्या डब्यात टाकली आणि म्हणाली, पढ़ ले, पढ़ ले. येताना तू मोपेडवर मागे बसून हसत होतीस. मला आरशात दिसत होतं. मी गाडी हळू चालवली.

त्या दिवसापासून मीही तुझा विद्यार्थी झालो. तो हिरवट तपकिरी, टोकाकडे निमुळता होत गेलेला शंख, त्याच्यावरून गोल फिरत गेलेल्या गडद रेघा. बोट लावलं की आत जाणार आणि शिंगासारख्या पातळ झाकणाने दार लावून घेणार. त्या झाकणावरही एकात एक वर्तुळं, झाडाच्या बुंध्यावर असतात तशी. आणि नर-मादी ओळखायची खूण. डोक्यावर दोन मिशा, दोन्ही सारख्या असल्या तर मादी. उजवी जाड आणि आखूड असली तर नर. तू भिंग माझ्या हातात द्यायचीस, मी मोठ्या खात्रीने नर म्हणायचो आणि ती मादी निघायची. तू कधी चिडली नाहीस. फक्त म्हणायचीस, "बाबा, तिने मिशी आखडून घेतली होती. थोडा वेळ थांबायचं ना."

मग आला टब. मॅडम म्हणाल्या होत्या की काही माद्या घरी पाण्यात ठेवून रोज पाहिल्या पाहिजेत. हे सांगायची तुझी हिंमत होत नव्हती. तू मला सांगितलंस, मी आईला सांगितलं, आणि आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "या घरात? पाणी? साठवून?" एवढंच ती म्हणाली. तू लगेच म्हणालीस, राहू द्या आई, मी कॉलेजात ठेवीन. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेला सुट्टीच्या दिवशी कुलूप असतं हे तुलाही माहीत होतं, मलाही.

दोन-तीन दिवसांनी मी बाजारातून आलो तर शिलाई मशीन चालू होती. आई मच्छरदाणी कापून तिला रबर शिवत होती. रीना, ती कोणती मच्छरदाणी होती हे तू तेव्हा विचारलं नाहीस, आणि आम्हीही सांगितलं नाही. पियूष दवाखान्यात असताना, तो घरी आला की त्याच्या खाटेला बांधायची म्हणून तिने सुपेल्याच्या बाजारातून आणली होती. घडी मोडली नव्हती. कपाटात खालच्या खणात होती, मी कधी त्या खणाला हात लावत नसे. तिने टबाच्या तोंडाचं माप घेतलं, गोल कापली, कडेला दुहेरी शिवण मारली आणि तुला हाक मारून म्हणाली, "हे घे. पाण्यावर एक मच्छर बसला नाही पाहिजे. बाकी तुले काय ठेवायचं ते ठेव." मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली टब बसला.

एकदा तू मेलेली एक मादी उघडून मला दाखवलीस. मी समजत होतो की अंडी असतील. पण तू भिंगाखाली धरलंस तर आत ओळीने पिल्लं होती. मागची अजून थेंबासारखी, पुढची मोठी, आणि अगदी दाराजवळची तर शंख अंगावर घेऊन तयार. तू सांगितलंस की ही जात पाण्यात अंडी सोडत नाही. अंडी पोटातच ठेवते, पोटातच फोडते, आणि लेकरू आपल्या शंखासकट बाहेर येतं. एकाच वेळी कोणी आज येणार असतं, कोणी महिन्याने. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष दाराकडे गेलं. आई तिथं केव्हाची उभी होती. तिने विचारलं, "अन् माय मेली तर आतल्याचं काय होते?" तू खाली बघून म्हणालीस, "जे तयार असतात ते कधी कधी वाचतात, आई." तिने मान हलवली आणि गेली. त्या दिवसापासून टबातलं पाणी बदलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

म्हणून पहिली पिल्लं तिलाच दिसली. सकाळी मी पेपर वाचत होतो, तू न्हाऊन केस पुसत होतीस. अंगणातून हाक आली, "अहो, इकडं या ना. रीनालेही आणा." आम्ही धावलो, वाटलं पडली की काय. ती टबाशी उकिडवी बसली होती, मच्छरदाणी मागे सारलेली. टबाच्या निळ्या भिंतीवर मोहरीएवढे ठिपके चढत होते. तू भिंग आणलंस. प्रत्येक ठिपक्याला शंख होता, मिशा होत्या, आणि एकाने तर भिंगाची सावली पडताच दार लावून घेतलं. आईने विचारलं, यांची माय कोणती? तू म्हणालीस, आता नाही सांगता येणार, जन्म दिला की ती आपल्या वाटेने जाते. आई म्हणाली, "असं कसं? इतके दिवस पोटात ठेवते अन् वळून पाहत नाही?" तू म्हणालीस, "घर अंगावर चढवूनच पाठवते ना, आई. मग त्याले दुसरं काय पाहिजे." आई म्हणाली, "तरी एकदा वळून पाहावं तिनं," आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. रीना, मला तिचा हसण्याचा आवाज विसरायला झाला होता. आपण तिघं तिथंच जमिनीवर बसून राहिलो. माझा चहा आत थंड झाला.

आणि तुझा तो ताप. तुला त्यातलं फारसं आठवत नसेल, तू ग्लानीत होतीस. थर्मामीटरचा आकडा मी दोनदा पाहिला. रक्त तपासायला दिलं होतं, रिपोर्ट यायचा होता. मी तुझ्याजवळ बसलो होतो आणि आई कुठं दिसेना. मागे पाहिलं तर ती टबाकडे चाललेली, हातात पातेलं. मला वाटलं, आता ही टब उलटा करणार. मी तिला अडवायला उठलोही नाही. खरं तर मलाही तेच करावंसं वाटत होतं. पण ती खाली बसली, मच्छरदाणी उचलली आणि पातेल्यातला उकडलेला पालक चिमटी चिमटीने पाण्यात सोडू लागली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "पोरीनं कालपासून टाकला नाही यायले. उठली की पहिले हेच विचारन." रिपोर्टमध्ये साधा ताप निघाला. तू उठलीस आणि खरोखरच पहिले तेच विचारलंस.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तुझा व्हायवा, आईने विहारात वाटलेले पेढे, जगदलपूरच्या कॉलेजची नोकरी. बसस्टँडवर आई तुला म्हणाली होती की आमची काळजी करू नको, आणि बस सुटल्यावर मला म्हणाली की आता भाजीत मीठ किती टाकायचं तेच कळणार नाही. दोघांचाच स्वयंपाक तिला अजून जमत नाही. रोज एक पोळी उरते.

आता जे सांगायचं ते सांगतो. एप्रिलमध्ये जयंतीला तू आलीस तेव्हा फोन आला की गच्चीवर जायचीस. वरून तुझं हसणं खाली ऐकू यायचं. खाली आलीस की चेहरा मात्र पुसल्यासारखा. आई म्हणाली, "पोरगी काही तरी लपवून राहिली." मी म्हटलं, कॉलेजचं काही असेल. आणि मग मागच्या महिन्यात तू सांगितलंस की दुर्गला बदलीसाठी अर्ज केला आहे, कारण आई-बाबा एकटे आहेत. आम्हाला आनंद व्हायला पाहिजे होता. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "हिचा आवाज खुशीचा नव्हता." तिला आवाजातलं कळतं, मला फक्त शब्द कळतात.

परवा शुक्रवारी तुझ्या कॉलेजातले शामसुंदर आले होते. तू त्यांना पाठवलं नाहीस हे त्यांनी दारातच सांगितलं, म्हणून त्यांच्यावर रागावू नको. हिंदीत म्हणाले की मी रीनाच्या कॉलेजात भूगोल शिकवतो, मी तिला लग्नाचं विचारलं आणि ती नाही म्हणाली. तिचं मन वळवायला सांगा, असं म्हणायला मी आलेलो नाही. ती ज्या दोन माणसांसाठी नाही म्हणते त्यांना एकदा भेटावंसं वाटलं. आईने त्यांना पाणी दिलं, मग चहा दिला, आणि चौकशी सुरू केली, तिची चौकशी तुला माहीत आहे. ते सगळ्याचं उत्तर देत होते. मग त्यांची नजर भिंतीवरच्या पियूषच्या फोटोकडे गेली. ते उठून फोटोसमोर उभे राहिले आणि आईला विचारलं, "अम्मा, इनकी आवाज़ कैसी थी?" इतक्या वर्षांत आम्हाला लोकांनी सगळं विचारलं. कसा गेला, कधी गेला, नोकरी काय होती. हे कोणी विचारलं नव्हतं. आई सांगू लागली, की तो सकाळी उठला की घोगरा बोलायचा, की हाक मारताना 'आई'मधला 'ई' लांबवायचा, की गाणं मुळीच यायचं नाही तरी न्हाताना म्हणायचा. ते जेवायच्या वेळेपर्यंत ऐकत बसले होते. जेवून, आपलं ताट धुऊन, संध्याकाळच्या गाडीने गेले. दार लावून आई माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "लिहा तिले." म्हणून हे पत्र. रीना, पियूषचं काय, असं तुझ्या मनात येत असेल तर ऐक. तो आमच्याजवळ आहे, त्याला आम्ही सांभाळू. तू एकटीने त्याला उचलून चालायचं नाही. बदलीचा अर्ज मागे घ्यायचा की ठेवायचा, लग्न करायचं की नाही, हे तुझं तू ठरव. केलंस तर आपल्या विहारात, या घरातून होईल, आणि नंतरही तुझी खोली तुझीच राहील. तांदूळ निवडून झाले आहेत आणि शेवटची ओळ आई सांगते तशी लिहितो, एक अक्षर बदलत नाही, गुरुजींनी कितीही लाल रेघा मारल्या तरी: "नाही म्हणायचं असन तर तुह्यासाठी नाही म्हण, पोरी. आमच्यासाठी नको म्हणू."

शेजारी आई आहे, ती म्हणते सही तुम्हीच करा.

तुझाच,
बाबा